लोकल, डबे आणि ऑफिस: रोजची धावपळ आटोक्यात कशी आणायची

वेळेच्या नियोजनावरचे बहुतेक सल्ले ज्या माणसासाठी लिहिलेले असतात, त्याच्याकडे पहाटे पाच वाजता उठून ध्यान करायला आणि वही भरायला निवांतपणा असतो. डोंबिवली, बदलापूर, विरार किंवा पनवेलहून मुंबईत नोकरीला जाणारी माणसंही पहाटे पाचला उठतात, पण ती कुकर लावायला. हा लेख अशाच घरासाठी आहे: दोघंही नोकरी करणारे, एक-दोन शाळकरी मुलं, कदाचित सोबत आई-वडील किंवा सासू-सासरे, आणि जाऊन-येऊन तीनेक तासांचा प्रवास. रोज हिंजवडी गाठणाऱ्या पुणेकरांनी लोकलच्या जागी वाकडचा ट्रॅफिक धरावा, बाकी सगळं तेच.

माझं मत आधीच सांगून टाकते. कामं खूप असतात हे खरंच आहे. पण ताण वाढतो तो ती सगळी डोक्यात वागवल्याने आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ कमी धरल्याने. त्यात घरातलं सगळं लक्षात ठेवायची जबाबदारी एकाच माणसाच्या गळ्यात पडली, की मग विचारायलाच नको. त्यामुळे दिवसात आणखी चार कामं कशी बसवायची याची युक्ती इथे मिळणार नाही. काही कामं काढायची आहेत, काही दुसऱ्याच्या हातात द्यायची आहेत आणि थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवायची आहे.

पायरी १: आधी तीन दिवस नुसती नोंद

कामाचे दोन दिवस आणि एक रविवार निवडा. या तीन दिवसांत काहीही सुधारायचं नाही, फक्त लिहायचं. फोनमधल्या नोट्समध्ये किंवा खिशातल्या चिठ्ठीवर दर दोन-तीन तासांनी मागचा वेळ कशात गेला ते दोन ओळींत टाका. मिनिटाचा हिशेब नको, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतील.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या लिहा. पहिली, शोधाशोध: चावी, मुलाचं आयकार्ड, आधारची झेरॉक्स, डब्याचं झाकण. दुसरी, ठरवाठरवी: आज भाजी काय, नाश्त्याला काय, कोण कधी येणार. या दोन्ही गोष्टी कोणत्याच वेळापत्रकात नसतात, पण सकाळची चिडचिड बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

फोनचा हिशेब अंदाजाने लिहू नका. अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ उघडलं की खरा आकडा दिसतो. ‘मी फोन फारसा बघत नाही’ म्हणणारी माणसं तो आकडा पाहून जरा वेळ गप्प बसतात.

आणखी एक सवय या तीन दिवसांत लावून घ्या. एखादं काम सुरू करण्यापूर्वी ते किती वेळाचं वाटतं ते लिहा, संपल्यावर प्रत्यक्ष किती लागला ते लिहा. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या एका खोडीवर बोट ठेवलं होतं: सगळं सुरळीत पार पडेल असं गृहीत धरूनच आपण अंदाज बांधतो, पूर्वी त्याच कामाला किती वेळ लागला होता हे आठवतसुद्धा नाही. ‘बँकेत दहा मिनिटांत जाऊन येते’ हे वाक्य त्याच जातीचं. मागच्या वेळी पाऊण तास लागला असेल, तर या वेळीही पाऊण तासच धरा.

पायरी २: डोक्यातलं सगळं कागदावर, तेही एकाच जागी

एक दुपार काढून डोक्यात घोळणारं सगळं लिहून काढा. गिझरची दुरुस्ती, आईची रक्ततपासणी, मुलीच्या वह्यांची कव्हरं, मावसबहिणीला फोन, संपत आलेला गाडीचा विमा, सगळं. यादी लांबलचक होईल, होऊ द्या.

नुसतं लिहून मात्र भागत नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या मासिकँपो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. अर्धवट राहिलेली कामं दुसरं काही करत असताना मनात घुसत राहतात, पण ते काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की ती टोचणी थांबते, काम झालेलं नसलं तरी, असं त्यांना दिसलं. तेव्हा यादीत ‘गिझर’ एवढंच लिहाल तर ते डोक्यात वाजत राहील. ‘शनिवारी सकाळी दहाला मेकॅनिकला फोन, बिल निळ्या फाइलमध्ये’ असं लिहिलंत तर शनिवारपर्यंत गिझर तुमचा पिच्छा सोडेल.

आता जागा कुठली? तारीख ठरलेली कामं कॅलेंडरवर, बिनतारखेची एका वहीत. बस, तिसरी जागा नको. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवणारे खूप जण आहेत, पण तिथे यादी वर सरकत जाते आणि दिसेनाशी होते. फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांचंही तसंच, आठवडाभरात डोळे त्यांना सरावतात.

कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं. १९७३ पासून कालनिर्णय घराघरांत आहे आणि त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, मावशींच्या सुट्ट्या लिहायची सवय आपल्याला आयतीच आहे. फोनमधलं कॅलेंडर आठवण करून देतं हे मान्य, पण ते एकट्यालाच दिसतं. भिंतीवरचं आजीलाही दिसतं आणि नववीतल्या मुलालाही. ‘मला कुणी सांगितलंच नाही’ या वाक्याची सोय तिथे उरत नाही. त्यामुळे पहिली नोंद भिंतीवर, आणि जिथे वेळेचा इशारा हवा तेवढ्याच गोष्टी फोनमध्ये. पेन मात्र दोऱ्याने कॅलेंडरलाच बांधा, नाहीतर ते शोधण्यात दोन दिवस जातील आणि नोंद राहूनच जाईल.

पायरी ३: आदल्या रात्रीची पंधरा मिनिटं

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरला, की टीव्हीसमोर बसण्याआधी उद्याची तयारी. एकदा बसल्यावर उठवत नाही.

भाजी ठरवून शक्य असेल तर चिरून ठेवायची. डबे आणि बाटल्या घासून झाकणासकट ओट्यावर मांडायच्या. कपडे इस्त्री केलेले आहेत ना, बघायचं. तिकीट किंवा पासची मुदत तपासायची, जूनपासून छत्री दाराशी. आणि शाळेची डायरी किंवा शाळेचा ग्रुप न चुकता उघडायचा. उद्या क्राफ्टच्या तासाला पुठ्ठा आणि रंगीत कागद हवेत हे रात्री साडेनऊला कळलं तर जुन्या खोक्यावर भागतं. तेच सकाळी सहा चाळीसला कळलं तर घरात रडारड.

शेवटी वहीत उद्याची तीन कामं. जास्तीत जास्त तीन, आणि त्यातलं एक तरी घरचं. बाकीची झाली तर झाली.

लिहिण्याचा झोपेवरही परिणाम होतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने २०१८ मध्ये ५७ तरुणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. प्रयोग छोटाच आहे, पण पाच मिनिटांच्या लिखाणात गमवायचं काय?

पायरी ४: सकाळचं गणित उलटं मांडा

आपण सकाळ सरळ मोजतो: पाचला उठायचं, मग हे, मग ते, आणि होईल आठपर्यंत. होत नाही. गणित गाडीपासून मागे मोजायला हवं.

समजा तुमची फास्ट ८.१४ ची आहे. फलाटावर नेमक्या डब्याच्या जागी उभं राहायचं तर ८.०६ ला तिथे पोचायला हवं, कारण पुलावर गर्दी असते. रिक्षाचा प्रवास दहा मिनिटांचा, पण स्टँडवरची रांग धरली तर वीस. म्हणजे सोसायटीच्या गेटमधून ७.४६ ला निघायचं. चपला, बॅग, गॅस बंद आहे का ते पुन्हा एकदा बघणं आणि लिफ्टची वाट, याला सात मिनिटं, ती कुणीच धरत नाही. म्हणजे ७.३९ ला नाश्ता करून, हात धुऊन तयार. नाश्ता आणि स्वतःची तयारी चाळीस मिनिटं धरली तर सात वाजता गॅसपासून सुटका झालेली हवी. मुलाची बस ६.५० ची असेल तर त्याला उठवणं, आंघोळ, दूध, दप्तर यासाठी मागचा पाऊण तास त्याचा. त्याच पाऊण तासात पोळ्याही लाटायच्या आहेत.

हे कागदावर मांडलं की बहुतेक घरांत वीस-पंचवीस मिनिटं कमी पडताना दिसतात. रोज ती मिनिटं कुठून येत होती? ओरडण्यातून, अर्धवट नाश्त्यातून आणि जिन्यावरून धावण्यातून.

ही तूट लवकर उठून भरून काढायची नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात, आणि अकराला झोपून पाचला उठणाऱ्याची एक तासाची उधारी आधीच आहे. त्यापेक्षा काही कामं सकाळमधून हलवा. आठवड्याचा नाश्ता ठरवून टाका: सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी थालीपीठ, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मुलं कुरकुर करतील, पण ठरवायचा वेळ वाचतो. दोन भाज्यांच्या जागी एक भाजी आणि आदल्या दिवशी केलेली कोशिंबिरीची तयारी. पोळीवाल्या मावशी परवडत असतील तर त्यात कमीपणा कसला? भाजी-पोळी केंद्रातून आठवड्यात दोनदा पोळ्या आणल्या तरी चालतं. ऑफिसचे कपडे वाळत घालायचं काम संध्याकाळी होतं, सकाळीच व्हायला हवं असं कुठे लिहिलेलं नाही.

कामं हलवल्यावरही दहा-पंधरा मिनिटं रिकामी राहतील असं बघा. ती भरू नका. लिफ्ट बंद असणं, दूध उतू जाणं, रिक्षावाल्यांकडे सुट्टे नसणं, हे सगळं त्याच मिनिटांत जाणार आहे.

आणि एक निर्णय कायमचा घेऊन ठेवा. आपली गाडी चुकली तर कुठली पकडायची, हे आधीच माहीत असू द्या. ८.१४ गेली तर ८.२९ ची स्लो, त्या दिवशी ऑफिसात वीस मिनिटं उशीर, साहेबांना मेसेज. सुटलेल्या गाडीमागे धावायचं नाही, रूळ तर कधीच ओलांडायचे नाहीत. ठरलेलं असलं की फलाटावर उभं राहून जिवाची तगमग होत नाही.

प्रवासाच्या वेळेचं काय?

‘प्रवासाचा वेळ सत्कारणी लावा’ हा सल्ला सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये उभं राहून कुणी दिला असेल असं वाटत नाही. एक हात वरच्या कडीला, दुसरा बॅगेवर. त्या वेळेला कुठलंही काम नेमून देऊ नका, कानात गाणी किंवा एखादं पुस्तक ऐकता आलं तर उत्तम. येताना बसायला जागा मिळत असेल तर डुलकी काढणं हा सर्वांत चांगला उपयोग. बिलं भरणं, बँकेचे व्यवहार असली कामं गाडीत टाळा, नेटवर्क मध्येच जातं आणि पैसे गेले की नाही याची नवी काळजी घरी येते.

लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या आणि मेथी निवडणाऱ्या बायकांचं वर्षानुवर्षं कौतुक होत आलं आहे. मला त्यात घरातल्या वाटणीचा हिशेब दिसतो.

पायरी ५: कामं वाटू नका, खाती वाटा

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळवापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७. म्हणजे एकीकडे जवळजवळ पाच तास, दुसरीकडे दीड तासाच्या थोडं वर. ज्या घरात ही तफावत आहे तिथे कितीही छान वही घातली तरी बाईचा ताण कमी होणार नाही. वेळेचं नियोजन म्हणून जे विकलं जातं त्यात हा मुद्दा सहसा नसतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

हा संवाद ओळखीचा वाटेल.

‘येताना भाजी आणशील?’

‘आणतो. कुठली?’

‘बघ ना काय चांगलं असेल ते.’

‘अगं सांग ना. फ्लॉवर आणू? किती आणू? कोथिंबीर आहे का घरात?’

भाजी आणली त्याने. पण फ्रिजमध्ये काय आहे, उद्या डब्याला काय लागेल, परवा चतुर्थी आहे, मुलाला फ्लॉवर चालत नाही, हे सगळं तिच्याच डोक्यात राहिलं. तिची फक्त एक फेरी वाचली.

म्हणून अख्खं खातं द्यायचं. ‘भाजी तुझ्याकडे’ याचा अर्थ फ्रिज बघणं, ठरवणं, आणणं, निवडून डब्यांत भरणं आणि संपण्याआधी पुन्हा आणणं. आठवण करून देणं हेही त्याच खात्यात मोडतं, म्हणजे ते दुसऱ्याने करायचं नाही. दोघांनी बसून घरातली खाती लिहा: दूध आणि किराणा, भाजी, कपडे धुण्यापासून इस्त्रीपर्यंत, शाळा आणि क्लास, बिलं-बँक-विमा, आजी-आजोबांची औषधं आणि तपासण्या, दुरुस्त्या, कामवाल्या मावशींशी ठरवाठरवी, लग्नकार्याचे आहेर. मग एकेकाचं नाव घाला. दोघांच्या ऑफिसच्या वेळा वेगळ्या असतील तर समसमान वाटणी जमणार नाही, पण प्रत्येक खात्याला मालक एकच हवा.

पुढचं अवघड आहे. खातं दिल्यावर त्यात नाक खुपसायचं नाही. टॉवेलची घडी तुमच्यासारखी होणार नाही. कोथिंबिरीची जुडी महाग आणली जाईल. एखादे दिवशी दूध संपलेलं असेल आणि चहा कोरा प्यावा लागेल. तिथे धावत जाऊन दूध आणलंत की खातं परत तुमच्याकडे आलं समजा. महिनाभर तरी सोसा.

घरात सासूबाई असतील तर मुलाने ओट्याशी उभं राहणं त्यांना रुचेलच असं नाही. ‘अगं, तो दमून आलाय, तू कर ना’ हे सुनेला ऐकावं लागतं. अशा वेळी उत्तर सुनेने देऊ नये, मुलानेच द्यावं: ‘आई, हे काम माझं आहे आता, तू बस.’ दोन-चारदा हे झालं की विषय मागे पडतो. त्यांनाही त्यांच्या आवडीचं एखादं खातं विचारून द्या. नातवंडांचा अभ्यास घेणं किंवा देवघर अनेकींना मनापासून हवं असतं. पण गृहीत धरून चारही खाती त्यांच्या अंगावर टाकू नका. त्यांचंही निवृत्तीचं वय आहे.

मुलांचं म्हणाल तर आठ वर्षांचं मूल पाण्याच्या बाटल्या भरू शकतं, दहा वर्षांचं स्वतःचं दप्तर भरू शकतं. चुकून एखादी वही राहिली तर शाळेत बोलणी खाईल आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने भरेल.

पायरी ६: ऑफिसात

ऑफिसातल्या वेळेवर आपला ताबा किती, हे ज्याच्या त्याच्या खुर्चीवर अवलंबून. बँकेच्या काउंटरवर किंवा दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसणाऱ्याला ‘दोन तास फोन बंद ठेवा’ म्हणणं हास्यास्पद आहे. ज्यांना थोडं स्वातंत्र्य आहे त्यांनी सकाळचा पहिला तास मेल न उघडता सगळ्यांत अवघड कामाला द्यावा. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, असं संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं. मेल आणि ऑफिसचे ग्रुप दिवसातून तीन-चार ठरलेल्या वेळी बघितले तर ही ये-जा कमी होते.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची पद्धत तुम्ही ऐकली असेल. त्यांनी ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर बेतली. टाळाटाळ करत आलेलं काम सुरू करून द्यायला ती छान आहे. एकदा हात बसला की घंटा वाजली म्हणून उठायची गरज नाही.

वरून आणखी काम आलं तर थेट नकार देणं आपल्याकडे जमत नाही, पण विचारता येतं: ‘हे आज केलं तर कालचा रिपोर्ट उद्या दुपारी होईल. सर, कुठलं आधी हवंय?’ निर्णय त्यांच्याकडे गेला. आणि निघताना शेवटची पाच मिनिटं, काम कुठवर आलं आणि उद्या सुरुवात कुठून, हे लिहायला. ते टेबलावरच सोडून निघा.

पायरी ७: वर्षातून एकदाच येणारी कामं

रोजच्या धांदलीपेक्षा जास्त घाम फोडतात ती ऐन तारखेला आठवणारी कामं. नवं कॅलेंडर घरात आलं की एका दुपारी ती सगळी त्यावर चढवा, आणि शेवटच्या तारखेच्या चौकोनात न लिहिता पंधरा दिवस आधीच्या चौकोनात लिहा.

पगारदारांचं आयकर रिटर्न साधारणपणे ३१ जुलैपर्यंत, म्हणून नोंद जुलैच्या मध्यावर. आई-वडिलांना पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात. ८० च्या पुढच्यांना तो ऑक्टोबरपासून देता येतो, आणि ‘जीवन प्रमाण’मुळे बँकेत न जाता आधारवरही होतो. विम्याचे हप्ते, गाडीची पीयूसी, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांची फी, पासपोर्ट आणि लायसन्सची मुदत.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी एक खास चौकोन. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. आयआरसीटीसीवर ते सकाळी आठला सुरू होतं आणि कोकणच्या गाड्या काही मिनिटांत वेटिंगवर जातात. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. ११ सप्टेंबरला निघायचं असेल तर तिकिटाचा दिवस १३ जुलै. त्या दिवशी आठ वाजता लॉगिन करून कोण बसणार तेही चौकोनात लिहा. तुम्ही त्या वेळी लोकलमध्ये असाल तर हे काम गावच्या भावाकडे किंवा कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याकडे द्या.

पायरी ८: अर्धा रविवार

आठवड्याची आगाऊ तयारी रविवारी करावी, पण तिला कुंपण हवं. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात थट्टेने लिहिलं होतं की काम उपलब्ध वेळ भरेपर्यंत पसरत जातं. रविवारच्या स्वयंपाकघराला हे तंतोतंत लागू आहे. म्हणून एक वाजेपर्यंत जेवढं होईल तेवढं. मटकी भिजवून मोड आणायला ठेवणं, खोबऱ्या-कांद्याचं वाटण करून फ्रीझरमध्ये टाकणं, आलं-लसूण वाटणं, लसणाची चटणी, पालेभाज्या निवडून कागदात गुंडाळणं. एवढ्याने पाच सकाळी हलक्या होतात. माळा आवरणं, पडदे धुणं असली कामं त्यात घुसवू नका, त्यांना दिवाळी आहे.

दुपारनंतरचा रविवार रिकामा. बाहेर जायचं ठरवाल तर मध्य आणि हार्बरचा मेगाब्लॉक आधी बघा. ठाण्याला काकूंकडे जायला निघून गाडीची वाट बघत बसणं ही विश्रांती नव्हे.

रिकामा रविवार राखायला नाही म्हणावं लागतं, आणि त्याची आपल्याला लाज वाटते. लगेच ‘हो’ म्हणण्याऐवजी ‘घरी कॅलेंडर बघून सांगते’ हे वाक्य तोंडात बसवा. हळदीकुंकवाला पंधरा मिनिटं जाऊन यायचं, सोसायटीच्या मिटिंगला दोघांपैकी एकानेच जायचं, साखरपुड्याला जायचं पण केळवणाला फोन करायचा. कारणं रचू नका, ‘या रविवारी नाही जमणार हो’ पुरेसं असतं. जवळची माणसं दोन दिवस फुगून बसतात आणि विसरतात.

दिवस कोलमडतो तेव्हा

पावसाळ्यात एकदा तरी कुर्ला-सायनला रुळांवर पाणी येतंच. मूल तापाने फणफणतं, मावशी गावाला जातात, ऑफिसात ऑडिट लागतं. अशा दिवसासाठी घरात ‘कमीत कमीचा दिवस’ ठरलेला असावा आणि तो सगळ्यांना माहीत असावा. त्या दिवशी रात्रीचं जेवण म्हणजे मुगाच्या डाळीची खिचडी, पापड, लोणचं. भांडी फक्त सकाळी लागणारी घासायची. कपड्यांचं मशीन लावायचं नाही. अभ्यास फक्त उद्या द्यायचा असेल तेवढाच. वहीतल्या तीन कामांपैकी एकच ठेवायचं, बाकी दोन पुढच्या तारखेवर.

मुलांना शाळेतून कोण आणणार, किल्ली कुठल्या शेजाऱ्यांकडे, आजीची रात्रीची गोळी कोण देणार, ही तीन उत्तरं जूनच्या आधी ठरवून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला फोन नंबरांसकट लिहा. बॅगेत चार्ज केलेली पॉवर बँक आणि बिस्किटाचा पुडा असू द्या.

दर शनिवारी संध्याकाळी वहीवरून एकदा नजर फिरवा. जे काम तीन आठवडे पुढे ढकललं जातंय ते एक तर आत्ता करा, कुणाला द्या, नाहीतर सरळ खोडा. जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन करायचं काम कित्येक वह्यांत वर्षानुवर्षं लोंबकळत असतं.

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, जेवणावरची इच्छा गेली असेल किंवा सकाळी उठायचीच भीती वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. क्रमांक १४४१६, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबरही कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायला हरकत नाही.